चपला घालून सुभेदारीत

बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी एकच अट घातली. आधी सुभेदारी दाखव. वेरूळ नको, मकबरा नको, सुभेदारी. संभाजीनगरातली ही इमारत पर्यटकांच्या यादीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पिशोरहून सकाळच्या एसटीने निघालो. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. फुलंब्रीला बस थांबली की भजी खाऊन घ्या, कारण हर्सूलपासून पुढे गर्दीत बराच वेळ जातो. वाटेत मेंढरं आडवी आली, तेव्हा बापूंनी खिडकीतून मान काढून कळप नीट न्याहाळला.

दिल्ली दरवाजाजवळ उतरलो. तिथून रिक्षाने सुभेदारी जवळच आहे. निजामाच्या राज्यात इथून सुभ्याचा कारभार चाले. आता ते सरकारी विश्रामगृह आहे. त्या काळी आमच्यासारखी मेंढरं राखणारी माणसं आत जायची ती अनवाणी, चपला फाटकाबाहेर ठेवून. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला आणि नव्या साहेबाने गायरानाच्या तक्रारी ऐकायला गावकऱ्यांना बोलावलं. माझे आजोबाही गेले. सवयीने सगळ्यांनी चपला काढल्या. साहेब स्वतः ओसरीवर येऊन म्हणाला, आता चपला घालून या. बाकीचे चपला घालून आत गेले. आजोबांना वाटलं, हा आपली परीक्षा बघतोय, घातल्या तर पाठीवर वळ उठतील. चपला हातात धरून ते फाटकातूनच परतले. आमच्या वस्तीच्या चराईबद्दल बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ते रान गेलं. आजोबा यावर मरेपर्यंत बोलले नाहीत, बापूंना हे आजीकडून कळलं. मला याचा आजही संताप येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी विनंती केली. मंत्री मुक्कामी असले तर आत सोडत नाहीत, आमचं नशीब चांगलं.

"साहब लोगां नहीं आज," तो बापूंकडे बघून म्हणाला. "देखके आ जाओ चचा. फोटू मत निकालो."

पायऱ्यांपाशी बापू थांबले. त्यांची टाच चपलेतून बाहेर आली होती. मी बघितलं.

"बाई, चालंल ना गं?"

"चालतंय बापू."

त्यांनी पाय परत आत सरकवला आणि माझ्या खांद्याला धरून चढले. आत उंच छत, सोफे, पुसून ओली असलेली फरशी. पुसणाऱ्या बाईने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बापू मधोमध जाऊन उभे राहिले. कुणीतरी हटकेल याची वाट बघत असावेत. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "चल."

शहागंजकडे नानखलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाल्ला. संभाजीनगरात येऊन तो न खाता जाऊ नका, पण दुपार टळायच्या आत पोहोचा, नाहीतर संपतो. बापूंना तो फार आवडतो. त्या दिवशी अर्धा नान ताटात राहिला.

इमारत म्हणून विचाराल तर सुभेदारी बघायला तासभर पुरे. दगड चांगला आहे, झाडी छान आहे. माझ्या मनात मात्र त्या पायऱ्याच राहिल्यात, आणि त्या चढायला आमच्या घराला किती वर्षं लागली याचं दुःख.

संध्याकाळी घरी पोहोचलो. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय होतं हो तिथं एवढं बघण्यासारखं?"

"काय नाय," बापू म्हणाले. "लई सोपं होतं. नुसतं चढून आत जायचं. कुणी काय म्हणलं नाय."

पाणी न पिताच त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि उपरण्यात तोंड खुपसून रडायला लागले. आजोबा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"साहेबानं सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. "माझ्या बापाला खरं वाटलंच नाय."