विरळणी

पुण्यातली नोकरी सोडून मी आणि मालती गावी राहायला आलो. त्या हिवाळ्यात घरामागच्या वाफ्यात मी मुळ्याचं बी टाकलं. हात नवखा, त्यामुळे बी दाट पडलं. पंधरा दिवसांत वाफा हिरवागार झाला आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघत उभा राहू लागलो.

एकदा शेजारच्या सोनाकाकू कुंपणापाशी थांबल्या.

"विरळणी कधी करणार?"

"म्हणजे?"

"मधली मधली रोपं उपटायची. नाहीतर एकही मुळा पोसायचा नाही."

मी वाकलो, पण हात चालेना. सगळी रोपं सारखीच टवटवीत होती. शेवटी काकूच आत आल्या, खाली बसल्या आणि सुनेच्या माहेरचं काहीबाही सांगत भराभर उपटत गेल्या.

बघताना मला शहरातले मित्र आठवले, संध्याकाळची नाटकं आठवली. तीही वाईट होती म्हणून सुटली नव्हती. इथलं काही रुजायचं तर त्यांना जागा उरत नव्हती, एवढंच. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो, मालतीजवळही नाही.

उपटलेली रोपं मी बांधावर टाकायला निघालो, तशा काकू ओरडल्या, "अहो, टाकताय काय? भाजी करा त्याची!"

मालतीने ती लसूण-मिरचीवर परतली. जराशी उग्र लागली. आमच्या मातीतलं आम्ही खाल्लेलं ते पहिलं अन्न. मी दोनदा मागून घेतली.