ओल्या पंच्याचं वजन

मुलगी चेन्नईला डॉक्टर आहे, हे आई शेजारणींना अभिमानाने सांगते. कसली डॉक्टर, असं कुणी विचारलं की ती चहा टाकायला आत जाते. एकदा तिने फोनवर मलाच विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" मी म्हटलं, "जिताड्याच्या उवा मारते." आमचं घर अलिबागजवळ. तिथे या माशाला मोठा मान, पण कालवणातला. आई म्हणाली, "त्याला केस कुठे असतात?"

केस नसतात, पण उवा असतात. कातडीला चिकटतात, रक्त पितात, आणि मासा बिचारा टाकीच्या भिंतीला अंग घासत फिरतो. औषध पाण्यात टाकावं तर ते वाहून खाडीतल्या कोळंबीलाही लागतं. खाद्यात कालवावं तर आजारी मासा खातच नाही. म्हणून इंजेक्शन. उवा मरतील आणि मासा जगेल एवढंच औषध किती, हे शोधायचं माझं काम. सुईआधी माशाला लवंगतेलाच्या पाण्यात गुंगवावं लागतं, त्या वासामुळे संध्याकाळी वेलचेरीच्या शेअर ऑटोत सगळे मला दातांची डॉक्टर समजतात. एका आजोबांनी तर आ करून दाढच दाखवली. मीही वाकून बघितली आणि म्हटलं, काढून टाका.

आमच्या संशोधन केंद्रातल्या टाक्या सांभाळायला एक काका होते, तंजावरकडच्या मराठी घरातले, पक्के शाकाहारी. रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून माशांच्या खाण्यासाठी तारली मासळी चिरायचे, मग तीनदा साबण लावून हात धुवायचे आणि दुपारी दहीभाताचा डबा उघडायचे. त्यांची मराठी म्हणजे तमिळ चालीवर वाचलेली जुनी बखर. मला वाटायचं, यांना माशांचं काही सोयरसुतक नाही, नोकरी म्हणून करतात झालं.

लहान माशांना औषध मानवलं होतं. मग पाळी आली मोठ्या मादीची. ती बोटाएवढी असल्यापासून काकांनीच वाढवलेली. लहान मासे आम्ही पाण्याच्या बादलीत मोजायचो, बादली आधीच वजा करून. ही काही बादलीत मावेना. अर्धवट गुंगीतही तिने शेपटी आपटून मला नखशिखांत भिजवलं. शेवटी काकांच्या ओल्या पंच्यात गुंडाळून तिला काट्यावर ठेवलं. सहा किलो. त्या हिशेबाने मी औषध भरलं, पाठीत सुई दिली, तिला टाकीत सोडलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

तेवढ्यात काकांनी पंचा पिळला. धो धो पाणी माझ्या पायांवर पडलं. आम्ही दोघांनी आधी पंच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. काकांनी तो पुन्हा पाण्यात बुडवला आणि काट्यावर ठेवला. जवळजवळ एक किलो! म्हणजे पाच किलोच्या मादीला मी सहा किलोचं औषध टोचलं होतं. हे औषध जास्त झालं तर मासा काळवंडतो, कुशीवर कलतो आणि संपतो. त्यावर उतारा नाही.

"काका, वहीत काय लिहू?" मी विचारलं.

"आधीं ती जेवूं द्या," ते म्हणाले. "मग लिहा."

ती तळाशी बसून राहिली, काळपट, हलेचना. काका दर थोड्या वेळाने तारलीचा तुकडा तिच्या तोंडापुढे सोडायचे आणि तो तसाच खाली जायचा. मला अक्षरशः रडू येत होतं. जिच्या जातभाईंच्या कालवणावर मी लहानाची मोठी झाले, तिच्यासाठी देवाला नवस बोलत होते. नारळ कबूल करायला गेले तर पुन्हा कालवणच आठवलं.

दोन वाजून गेले. "काका, तुम्ही तरी जेवून घ्या," मी म्हटलं.

"तीच जेवली नाहीं, मी कसा जेवूं?"

डबा सकाळपासून तसाच बंद होता. इतके दिवस या माणसाबद्दल आपण काय समजत होतो, याची मला मनापासून लाज वाटली.

चारच्या सुमाराला पाणी ढवळलं आणि तारलीचा तुकडा गडप झाला. "अय्यो, जेवली!" काका ओरडले. दुसरा तुकडाही तिने घेतला. मग काकांनी नेहमीप्रमाणे तीनदा हात धुतले, एव्हाना चांगलाच आंबलेला दहीभात काढला आणि निम्मा माझ्या पुढ्यात ठेवला.

"आतां लिहा, डॉक्टरम्मा. चूक झाली तेंही लिहा. ही जगली. उद्यां कोणी तुमचा कागद वाचून सुई देईल, त्याची जगेल काय?"

मी पंच्यासकट सगळं लिहिलं. आता काका निवृत्त झालेत. आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना आहे, ओल्या पंच्याचं वजन. नवे सहकारी हसतात आणि विचारतात, ही पद्धत शोधली कोणी?

"आम्ही दोघांनी मिळून," मी सांगते. "चूक माझी, उपास त्यांचा."