बाल्कनीतला लॅपटॉप

आमचा लॅपटॉप माझ्या भक्तीमुळे बिघडला, असं माझा नवरा अजूनही आल्यागेल्याला सांगतो. सांगू दे. खोटं नाहीये ते.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करायची. आमच्या अमेरिकेतल्या, ईडन प्रेरीच्या अपार्टमेंटमध्ये पूजा करावी अशी हत्यारं म्हणजे माझी विळी, खाली पार्किंगमधली गाडी आणि हा लॅपटॉप. आई नागपूरला वेबकॅमसमोर बसून मला एकेक गोष्ट सांगत होती. निवृत्त शिक्षिका ती, सांगायची सवय हाडात मुरलेली. मी चार दाणे टाकून मोकळी होत होते, तर म्हणाली, "हात आखडू नकोस गं. त्याच्यामुळे तर तू मला रोज दिसतेस. नीट वाहा अक्षता." मग मी चांगल्या मूठभर वाहिल्या. स्क्रीनवर आई हसत होती आणि अक्षता तिच्याच अंगावर पडत होत्या. त्यातल्या काही मागच्या फटीतून आत गेल्या, हे तेव्हा कुणाला कळायला!

दिवाळीनंतर लॅपटॉप गुरगुरायला लागला. मांडीवर घ्यावा तर चटका. बोलता बोलता फट्दिशी बंद पडायचा. आम्ही हसायचो, परत चालू करायचो आणि राहिलेल्या गप्पा पुढे न्यायचो. तेव्हा हसू यायचं त्याचं.

डिसेंबरात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी दादाला बजावलं, वाचा परत येऊ शकते, पण आत्ता बोलतं करा. पहिल्या काही महिन्यांत जे होईल ते होईल. आणि आई तर कुणाशी बोलायलाच तयार नव्हती. समजत सगळं होतं तिला. पण जिने जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारले, तिच्या तोंडून आता नुसतं "त… त…" निघायचं. त्याची तिला लाज वाटायची. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई दिसल्या की ती डोळे मिटून घ्यायची. वहिनीशी नाही, दादाशी नाही. फोनवर तेव्हा चेहरा दिसायची सोय नव्हती; कानाला लावला तर नुसता श्वास ऐकू यायचा.

"तू स्क्रीनवर दिसलीस की तिचे ओठ हलतात," दादा म्हणाला. "बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड. तूच काय ते कर बाई आता."

जायला हवं होतं मी. उठून विमानात बसायला हवं होतं. पण नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट नेमकं तेव्हाच संपलं होतं आणि पुढचं मिळत नव्हतं. त्याच्या व्हिसावर माझा व्हिसा. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत यायचा शिक्का मिळेल याची खात्री वकील देईना. नवा लॅपटॉप घेऊ या, हे वाक्य तर घरात कुणी उच्चारायचंच नाही, असं न बोलता ठरलं होतं. सगळी मदार त्या तापणाऱ्या डबड्यावर.

आमची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. तिकडे लोडशेडिंग नसेल ती वेळ दादा साधायचा. आई खुर्चीत, पाठीला उशी, केस वहिनीने विंचरलेले. मी म्हणायची, "आई, काय जेवलीस?" ती जीव एकवटायची. कपाळाची शीर वर यायची. "पो… पो…" मी इकडे श्वास रोखून बसलेली. आणि "पोळी"तली ळी यायच्या आधी लॅपटॉप बंद! परत चालू व्हायला त्याला थंड व्हावं लागायचं, तोवर तिकडे वीज तरी जायची नाहीतर आई तरी मिटून जायची.

एकदा फोनवर दादा हळूच म्हणाला, "स्क्रीन काळी झाली की तिला वाटतं तू कंटाळून उठून गेलीस. मी कितीदा समजावलं. ऐकतच नाही. काल जेवली पण नाही."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ढसाढसा रडले. मी कंटाळून उठून गेले? मी?

नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन लॅपटॉप उघडला. आतल्या छोट्या पंख्याची दोन पाती तुटलेली, आणि त्यात अडकलेला हळदीकुंकू लागलेला तांदळाचा दाणा. तो दाणा त्याने बोटावर घेऊन मला दाखवला. कधी नव्हे ते विनोद केला नाही. तसला पंखा मिळेना, मॉडेल जुनं. शेवटी तो दुकानातून कूलिंग पॅड घेऊन आला. काळ्या प्लॅस्टिकची पातळ चौकट, खाली दोन पंखे, निळे दिवे. लॅपटॉप त्याच्यावर ठेवायचा, वायर लॅपटॉपलाच जोडायची. मी देवाला करतात तसा नमस्कार केला त्याला. अक्षता मात्र वाहिल्या नाहीत.

पहिल्या दिवशी आई "पोळी" पूर्ण म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मधेच अंधार. आतला पंखा मेलेला असताना बाहेरून वारा घालून किती घालणार? खाली गॅस चालू ठेवून वरून फुंकर मारली तर दूध उतू जायचं थांबतं होय! मी फ्रीझरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्या बाजूला लावली. पुठ्ठ्याने वारा घातला. आईला मी स्क्रीनवर दिसायची ती अशी, एका हाताने पुठ्ठा हलवत, तोंडाने "हं, बोल ना आई, बोल ना" करत. ती बघायची आणि गप्प व्हायची. तिला माझी घाई दिसत असणार. पुढे पुढे तर ती ओठही हलवेना.

जानेवारीतल्या एका सकाळी, कितीतरी दिवसांनी, तिने ओठ उघडले. "मा…" म्हणाली. आणि स्क्रीन काळी.

माझं डोकंच फिरलं. मी किंचाळले. नवरा म्हणाला, "जरा शांत हो यार, थंड झाला की परत लावू."

"शांत तू हो!" मी म्हटलं. "थंडच व्हायचंय ना त्याला? मग थांब!"

आणि लॅपटॉप, पॅड, वायरी, सगळं कवटाळून मी बाल्कनीचं दार सरकवलं. बाहेर मिनेसोटाची थंडी. नाकातलं पाणी गोठतं तसली. अंगात स्वेटर, पायात घरातल्या सपाता. टेबलावर वीतभर बर्फ होता, तो मी कोपराने ढकलला, पॅड ठेवला, वर लॅपटॉप. थोड्या वेळाने लावला तर लागला. दादाने तिकडे उचललं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने खुर्ची फिरवली.

"आई, हे बघ," मी म्हटलं, "आता नाही बंद पडणार. बोल तू. कितीही वेळ लाव."

माझ्या तोंडातून वाफ येत होती. मागे रेलिंगवर बर्फ. वाऱ्याने केस तोंडावर. आईने पाहिलं. तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला, डावा हात खुर्चीवर आपटायला लागला. दादा घाबरला, त्याला वाटलं पुन्हा झटका. मी "आई! आई!" ओरडतेय.

"अंदर जाय," आई म्हणाली.

शाळेत तिची भाषा पुस्तकी, स्वच्छ. पण आमच्यावर संतापली की थेट वऱ्हाडी. कित्येक वर्षांत ऐकली नव्हती मी ती.

"काय म्हणालीस?"

"अंदर जाय. कानाले… कानाले बांध."

दादा तोंड फिरवून रडत होता. मी हलले नाही. माझे कान ठणकत होते, बोटं लाकडासारखी झाली होती, आणि लॅपटॉप चालू होता.

"आयकत नाही वं कार्टी!" आई ओरडली. सलग, न अडखळता. मग स्वतःच दचकली आणि डावा हात ओठांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

लगेच बंदही पडला लॅपटॉप. या वेळी थंडीने, बॅटरी गारठली म्हणून. मी घरात आले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. नवऱ्याने माझे पाय मांडीवर घेऊन चोळले आणि शिव्या घातल्या. तेवढ्यात दादाचा फोन आला, ती अजून बडबडतेय तुझ्या नावाने, जेवली पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅड उचलला तेव्हा नवरा बाल्कनीच्या दारात लोकरीची टोपी घेऊन उभा होता. मी ती घेतली, खिशात कोंबली आणि उघड्या डोक्याने आईसमोर जाऊन बसले.