मातीवाले काका

मातीवाले काका मातीची ओली पट्टी आधी स्वतःच्या पोटावर ठेवत, मग दुसऱ्याच्या. ऐन थंडीत ओसरीवर उघडे पडलेले असत. "मला सोसलं तर तुम्हाला सोसेल," म्हणायचे. महायुद्धाच्या दिवसांत ते मुंबई सोडून कर्जतला नदीकाठी राहायला आले. त्यांच्याकडे औषधाची बाटली नव्हती. वारुळाची माती, गार पाण्याचा टब आणि उपास, एवढंच.

माझा थोरला गणा मोठा झाला तरी बोलत नव्हता. हाकेला वळत नसे, थाळी गरगर फिरवत बसायचा आणि कोरड्या भाताशिवाय कशाला तोंड लावायचा नाही. आता अशा पोरांना स्वमग्न म्हणतात म्हणे, तेव्हा वेडं म्हणत. भगताच्या दारात जाणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून काकांकडे नेलं. त्यांनी भात आणि मीठ तोडलं. म्हणाले, "महिनाभर बघू. गुण नाही आला तर मीच सांगेन."

पट्टी लागली की गणा किंचाळायचा. मी त्याचे हात धरून ठेवायचो.

"आवं, पोर सुकलं. घासभर भात द्या," बायको म्हणायची.

"तुला काय कळतंय गं? गप ऱ्हा."

पारावर एकानं टोमणा मारला, "काय रं धर्मा, एवढी माती लावतोस, काय उगवलं का?"

"हाकेला वळतंय आता," मी ताठ मानेनं खोटं बोललो.

ही बातमी खालापूरपर्यंत गेली. तिकडच्या दोन आया आपली मुकी पोरं घेऊन काकांच्या दारात आल्या. काका हुरळले नाहीत. त्यांना बसवून ते तडक माझ्या घरी आले.

"मला दाखवा, धर्माजी."

गणाच्या पाठीमागे बसून त्यांनी हळू हाक मारली, मग मोठ्यानं. टाळी वाजवली. गणा हलला नाही.

"कधी वळला होता?"

मी उगाच गणाच्या पोटावरची पट्टी सारखी करू लागलो. तेवढ्यात बायकोनं चुलीवरच्या भाताचं झाकण उचललं आणि गणा गर्रकन वळला.

काकांनी स्वतः पट्टी सोडली. "वहिनी, वाढा त्याला. उपाशी आहे तो. मला दिसायला हवं होतं."

त्या आयांना त्यांनी सांगितलं, "माझ्या मातीनं अशा पोरांना गुण येत नाही. घरी न्या, जेवू घाला." लोक त्यांनाच हसले. माझं नाव त्यांनी कुठं काढलं नाही. पुढं माणसं येईनाशी झाली, तसे ते गाव सोडून गेले. निरोपाला जायला मला तोंड नव्हतं.

बायको गेल्यापासून गणाला भात मीच वाढतो. तो मान खाली घालून पोटभर खातो. तेवढा वेळ मी त्याच्या ताटाकडे न बघता अंगणाकडे बघत बसतो.