हळकुंड मोडायची सवय

समस्त नातेवाईक, शेजारी आणि हळद बाजारातील हितचिंतकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सांगलीतील आमच्या घराचा अपशकुन विभाग कायमचा बंद करण्यात आला आहे. विभागप्रमुख मीच होतो. बावीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही.

पोटापाण्यासाठी मी एका व्यापाऱ्याकडे हळदीची खरेदी बघतो. सौद्याला ढिगातलं हळकुंड उचलायचं, काडकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि तोंड वाकडं करायचं. माल अस्सल असला तरी तोंड वाकडंच, कारण खोट काढली की भाव उतरतो. या कलेत माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही.

पण संध्याकाळी हात धुऊन घरी आलो तरी तोंड तसंच. बायको म्हणाली, घरी मसाला करून विकते. मी म्हणालो, "कोण घेतंय?" मुलीनं बी.एड.चा अर्ज भरला. मी म्हणालो, "नोकऱ्या कुठं हायत?" याला मी व्यवहार म्हणत होतो.

एके दिवशी दारात दोन बॅगा दिसल्या. बी.एड. पूर्ण केलेल्या मुलीला पाचगणीच्या एका निवासी शाळेत नोकरी लागली होती, तीही महिन्यापूर्वी. बायकोला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, दूधवाल्यालाही ठाऊक.

"मला का सांगितलं नाहीस?"

बॅगेची चेन लावत ती म्हणाली, "तुमी आधी मोडून बघता, पप्पा. ही एक गोष्ट तरी अख्खी राहू दे म्हटलं."

नाटकात अशा वेळी पडदा पडतो. आमच्याकडे पडला नाही. ती गेली, आणि बायकोनं एक ताट कमी मांडलं.

मग मी स्वतःवरच पाळत ठेवली. सिग्नलला, चहाच्या गाड्यावर, जेवताना. जे सापडलं ते कडू होतं. वाक्य आधीच तयार असायचं, वस्तू नंतर दिसायची. बाजारात भाव उतरवणं माझं कामच, पण घरात मी कुणाचा भाव उतरवत होतो? शेवटी एवढंच ठरवलं, की वाक्य आलं की गिळायचं आणि आधी नीट बघायचं. पहिला आठवडा गिळून गिळूनच पोट भरलं. तुझा मसाला छान असतो, असं बायकोला सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "आता सुचलं व्हय? मसाल्यासाठी घेतलेला मोठा मिक्सर कवाच विकला," म्हणाली.

दोन महिन्यांनी मुलीनं आम्हाला बोलावलं. एस.टी.नं मलकापूर मागे टाकलं, सातारा मागे टाकला, घाटात ब्रेक किंचाळले, मी गप्प. तिची खोली लहान पण नेटकी होती. खिडकीतून सगळी दरी दिसायची, आणि मला खरंच आधी दरी दिसली! मनातल्या मनात स्वतःसाठी टाळ्या वाजवतोय तोवर पलंगामागची भिंत दिसली. हिरवट ओल, पार छतापर्यंत. गिळली.

"खोली झकास हाय," मी म्हणालो. मनापासून.

ती हसली नाही. चहाचा कप धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हळकुंड मोडल्यावर शेतकरी बघतो, अगदी तसंच. मी दरीकडे बघत राहिलो. बायको पदराशी चाळा करत बसली. शेवटी मुलीलाच राहवेना.

"आवं पप्पा, भिंतीला ओल हाय ती मला बी दिसतीय! बोलून टाका की एकदाचं, चहा गार व्हायलाय!"