आईला यात कुठे बसवाल?

जज्जसाहेब सॉफ्टवेअरचा डेमो बघायला बसत ते बूट काढून, मांडी घालून आणि डोळे मिटून. समोर कंपनीचा माणूस पडद्यावर रंगीबेरंगी तक्ते नाचवत असे आणि हे स्वस्थपणे संत्रं सोलत असत. शेवटची फोड तोंडात गेली की डोळे उघडत. "छान. आता सांगा, माझ्या आईला यात कुठे बसवाल?" बिचारा विक्रेता आधी टेबलाखाली बघायचा, मग दाराकडे!

खरे न्यायाधीश नव्हेत हो, निकाल दिल्यासारखं बोलत म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. मॅनहॅटनमधल्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळून रिटायर झालेले गृहस्थ. जर्सी सिटीतल्या आमच्या ज्येष्ठांच्या केंद्राच्या बोर्डावर होते. व्हॅनने आजी-आजोबा आणायचे, पत्ते, भजनं, गरम जेवण, असा आमचा संसार. पैसे शहराच्या ग्रँटचे. त्यामुळे कोण जेवलं, कुठे राहतं, नियमात बसतं का, सगळं कळवावं लागे. ते मी वर्षानुवर्षं हाताने लिहीत आले. मग शहराने फर्मान काढलं, यापुढे सॉफ्टवेअर हवं. निवडायला बोर्डाने आम्हा दोघांना नेमलं. त्यांना कॉम्प्युटर कळत होते आणि मला बोलता येत होतं.

त्यांच्या प्रश्नात मोठी गोम होती. आपल्याकडचे आईवडील इथे कसे राहतात, ठाऊक आहे ना? सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे. जज्जसाहेबांच्या आई अर्धं वर्ष त्यांच्याकडे, अर्धं पार्सिपनीला त्यांच्या ताईकडे. तिकडे गेल्या की त्या शहराबाहेरच्या. मी त्यांच्या नावापुढे 'लेकीकडे' असं लिहून जागा राखायची आणि ग्रँटची त्याला हरकत नव्हती. पण सॉफ्टवेअरचा हिशेब निराळा. माणूस बरेच दिवस दिसला नाही की नाव बंद. परत आला की नवा अर्ज आणि वेटिंग लिस्टचं शेपूट.

"वन पर्सन, वन अॅड्रेस, सर," एक टाय लावलेला मुलगा अभिमानाने म्हणाला.

"तुला आई आहे?"

"येस सर. फ्लोरिडात."

"आणि भावंडं?"

"एक बहीण."

"मग आईने कुणाकडे राहायचं यावरून तुमची भांडणं होत नाहीत?"

"नो सर."

"अरेरे," म्हणून त्यांनी बूट चढवले. "पुढचा!"

ही नक्कल मी जेवणाच्या पंगतीत करून दाखवायची. सगळ्यांत जास्त हसायच्या नलूमावशी. त्यांचाही मुलगा नदीकाठच्या टॉवरमध्ये, मुलगी पार्सिपनीत. दिवसभर मुलगा-सून ऑफिसात, मावशी खिडकीत. केंद्र हाच त्यांचा शेजार. "तो माणूस बोर्डावर आहे ना, तोवर माझी खुर्ची हलत नाही गं," म्हणायच्या. माझंही तेच मत होतं. मी तर जज्जसाहेबांची भक्तच झाले होते.

आणि सापडलं की आम्हांला! एका छोट्या कंपनीचं, दिसायला अगदी भेंडीच्या भाजीसारखं बुळबुळीत हिरवं. पण त्यात माणसाला 'तात्पुरतं थांबवून' ठेवायची सोय होती. जज्जसाहेब उभे राहिले, अनवाणी. विक्रेत्याचा हात धरून म्हणाले, "बाळा, तू माझ्या आईला बसवलंस." पार्किंगमध्ये मला म्हणाले, "हेच. कुणी काही म्हणो."

बोर्डाची मीटिंग महिन्याभराने झाली. एकीकडे हिरवं, दुसरीकडे एका मोठ्या कंपनीचं चकचकीत. मी साभिनय भाषण ठोकलं, अर्धं बोर्ड विरघळलं. उरलेल्यांनी जज्जसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चकचकीतच घ्या. एका बटणात शहराला रिपोर्ट जातो. सुटसुटीत आहे."

मला वाटलं, गंमत करतायत. मी कानाशी जाऊन म्हटलं, "काका, आणि आई?"

"आईचं मिटलं," ते हळूच, खुशीत म्हणाले. "आता कायमची ताईकडेच. परवाच ठरलं."

चकचकीत मंजूर झालं. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. इतके दिवस मी समजत होते, हा माणूस सगळ्यांच्या आयांसाठी भांडतोय. तो फक्त स्वतःच्या आईची सोय बघत होता, आणि ती झाल्यावर प्रश्न संपला होता.

नलूमावशी पार्सिपनीहून परत आल्या तेव्हा त्यांचं नाव बंद झालेलं होतं. व्हॅन गेली नाही. मी शहराला फोन केले, कंपनीला केले, आवाज बदलून रडूनही पाहिलं. वेटिंग लिस्ट जागची हलली नाही. मावशींनी मला एकदाच विचारलं, "ते होते ना गं मीटिंगला?" मी म्हटलं, "होते."

वर्षभरात जज्जसाहेब मुलाकडे रेडमंडला निघाले. केंद्रात निरोपाचं जेवण झालं. भाषण अर्थातच मी केलं, आणि असं केलं की लोकांनी डोळे पुसले. ते श्रीखंडाची वाटी घेऊन माझ्याजवळ आले, सगळीकडे नजर टाकली.

"नलूमावशी कुठे दिसत नाहीत? बरं नाही का त्यांना?"

मी सांगितलं. अगदी सगळं, नाटक न करता.

त्यांना खरंच वाईट वाटलं. चमचा वाटीत थांबला. "अरेरे," ते म्हणाले, आणि मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग त्यांच्या मुलांना सांगा ना, आईला एकीकडेच ठेवा म्हणून. आम्ही तेच केलं."