बावन्न मिनिटं उताणी

मुलगी बाळंतपणासाठी पांढुर्ण्याला माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. सासर सौसरचं, तपासणीही तिथलीच. त्या सकाळी न्हाणीतून बाहेर येताना चक्कर येऊन ती खाली बसली. शेजाऱ्यांनी गाडी काढली, सौसरच्याच दवाखान्यात न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर मी तिला उताणं निजवलं, डोकं मांडीवर घेतलं. बायको पुढे बसली. घड्याळ बघायची मला सवयच आहे. नऊ चाळीस झाले होते.

आमच्याकडे गरोदर बाईनं निजल्या निजल्या कूस बदलायची नसते. आधी उठून बसायचं, मग वळायचं; नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते म्हणतात. आणि उठून बसण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

"बाबा, जीव घाबरून राहिला. वळू द्या ना मले."

"नको बेटा. थोडंच राहिलं."

दोनदा ती डावीकडे वळू लागली, दोनदा मी खांदे धरून तिला सरळ केलं. जामसांवलीच्या देवळाच्या फाट्यावर बायकोनं हात जोडले. माझे हात मोकळे नव्हते.

दवाखान्यात सिस्टरनं आधी तिला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे चादरीची घडी लावली. हळूहळू ओठांवर रंग आला.

"काका, एवढ्या पोटाच्या बाईले उताणं आणते का कोणी? सारा भार आतल्या मोठ्या शिरेवर येते, रक्त वर चढतच नाही. किती वेळ होती अशी?"

"असतील दहा-पंधरा मिनिटं."

तिनं तसं लिहून घेतलं. बाळाचे ठोके मंद होते, आणि डॉक्टरीण तोच कागद वाचणार होती. बाहेर बाकावर बायको हळूच म्हणाली, "दहा-पंधरा? दूधवाल्याच्या उशिराचे पाच मिनिटं मोजता तुम्ही."

मी उठून आत गेलो. "सिस्टर, बावन्न मिनिटं. ती वळत होती, मीच वळू दिलं नाही."

तिनं आकडा खोडला, नवा लिहिला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत ठोके सुधारले. महिन्याभरानं नातू झाला, चांगला धडधाकट.

बाळ बघायला येणाऱ्या बायांना मुलगी सांगते, "रस्ताभर बाबांनी मले घट्ट धरून ठेवलं, म्हणून निभावलं." वळू द्या म्हणाली होती, ते तिला आठवत नाही. तिनं हे सांगायला सुरुवात केली की मी नातवाला उचलतो आणि अंगणात जातो.